सहाव्या रकान्यातला ‘हो’

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. होस्टेलच्या खोलीत सोबत राहणाऱ्या मैत्रिणीला नाही, आईला नाही. आणि बाबांना तर — बाबांना मी उलटंच सांगितलं आहे. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर आत्ताही मी विषय बदलला असता. कॉलेजच्या कॅन्टीनमधल्या समोशाबद्दल वगैरे बोलले असते. विषय बदलणं मला चांगलं जमतं. ते पुढे कळेलच.

गोष्ट छोटी आहे. म्हणजे, ऐकताना छोटीच वाटेल. कोणी मेलं नाही, कोणाची नोकरी गेली नाही. एका संगणकावरचं एक सॉफ्टवेअर बंद झालं, एवढंच. यात कबूल करण्यासारखं काय आहे? मीही स्वतःला दीड वर्ष हेच विचारते आहे. रोज विचारावं लागतं, म्हणजे काहीतरी असणारच ना?

आधी मी कोण ते सांगते. आमचं गाव नागभीडच्या पुढे, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. चंद्रपूरला बी.एस्सी. कॉम्प्युटर करते — करत होते. शेवटच्या वर्षी सहा महिने कुठेतरी प्रत्यक्ष काम करावं लागतं, म्हणून कॉलेजनं मला एका संस्थेत पाठवलं. मोहफूल, हिरडा, बांबू अशा जंगलातल्या मालावर ही संस्था काम करते. मुख्य ऑफिस चंद्रपूरला, शाखा नागभीडला, भामरागडला आणि आणखी दोन-तीन ठिकाणी.

पहिल्याच दिवशी सगळ्यांनी ओळख करून दिली. माझ्यासोबत प्रणाली नावाची चंद्रपूरचीच एक मुलगी शिकायला आली होती. तिनं विचारलं, तुझे बाबा काय करतात? आता खरं उत्तर असं होतं, की बाबा धान लावतात आणि वर्षातून एकदा चार-पाच माणसं मारतात. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. आमच्या गावच्या मंडळात बाबा गेली वीस-बावीस वर्षं खलनायक आहेत. नाव मारोती; पण सबंध पंचक्रोशीत मारोतीभाऊ म्हटलं की लोकांना लाल डोळे, कुऱ्हाड आणि ते हसणं आठवतं. ते हसणं तुम्ही ऐकायला हवं. बाबा बांधावर उभे राहून तालीम करतात तेव्हा बांधीतले बगळे उडतात. एरवी बाबा गोगलगाईलासुद्धा वळसा घालून जातात.

मी म्हणाले, “बाबा सांस्कृतिक क्षेत्रात आहेत.”

आणि गाव? “मी इथलीच.” हे दुसरं. तेही लगेच, न अडखळता.

का म्हणाले असेन? त्या ऑफिसात शाखांतून फोन आला की प्रणाली फोन ठेवल्यावर नक्कल करायची. “मॅडम, प्रिंटर चालूनच नाई राह्यला जी,” असं म्हणून सगळ्यांना हसवायची. अगदी हुबेहूब. आमच्या घरी आम्ही असंच बोलतो. मी पण हसायचे — सगळ्यात आधी हसायचे, म्हणजे कोणाला शंका नको. आणि स्वतः बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात इस्त्री करून मग बाहेर काढायचे. दिवसभर असं बोललं की संध्याकाळी जबडा दुखतो, हे मला त्या सहा महिन्यांत कळलं.

आता कामाचं सांगते. आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर विकत मिळतं. तसं नसतं. मिळतो तो वापरायचा परवाना — माणशी एक, वर्षाच्या मुदतीचा. पंगतीत जशा पत्रावळी मांडतात तसं समजा. कोणी न जेवता उठून गेला तरी त्याची पत्रावळ मांडलेलीच राहते, आणि नवा माणूस ताटकळत उभा राहतो. चित्रं आणि पत्रकं तयार करायच्या एका महागड्या सॉफ्टवेअरचे संस्थेकडे बारा परवाने होते. मुदत संपत आली होती, आणि रिकाम्या पत्रावळी उचलून टाकायचं काम मॅडमनी मला दिलं. मॅडम म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुख.

पण उचलण्याआधी विचारायचं, हा मॅडमचा नियम होता. माणूस उठून गेला आहे, की नुसता हात धुवायला गेला आहे? संगणक फक्त एवढंच सांगतो की शेवटचा वापर कधी झाला. नव्वद दिवसांच्या वर गेले असतील तर त्या माणसाला फोन करायचा, बोलायचं, त्याच्या फाइली जपून ठेवायच्या, आणि मगच परवाना बाद करायचा. यासाठी मॅडमनी आठ रकान्यांचा कागद केला होता. छापील कागद, पेनानं भरायचा. संगणक विभागात पेनानं का, असं मी विचारलं नाही. सहावा रकाना होता : ‘वापरकर्त्याशी बोलणे झाले?’ पुढे हो किंवा नाही.

यादीत नव्वदच्या वरचे सातजण होते. त्यातले पहिले आमचे मोठे साहेब. त्यांनी ते सॉफ्टवेअर घेतल्यापासून एकदाही उघडलं नव्हतं. मी तीनदा त्यांच्या केबिनमध्ये गेले. पहिल्यांदा त्यांनी मान वर करून “काय गं?” म्हटलं, आणि माझ्या तोंडून निघालं, “सर, चहा सांगू का?” दुसऱ्यांदाही चहाच. तिसऱ्यांदा मी आत जाताच ते म्हणाले, “आता नको, पित्त होतं.” मी बाहेर येऊन त्यांच्या ओळीत लिहिलं — वापर सुरू.

भामरागडचा संगणक तर पावसाळाभर दिसलाच नव्हता. रस्ता बंद, नेटवर्क बंद. मी घाबरत मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, “अगं, तिकडे पूर आहे, माणूस काय करणार? राहू दे त्याचा.” एवढंच. एका वाक्यात सुटलं. हे मी मुद्दाम सांगते आहे. विचारलं असतं तर काय झालं असतं, हे मला आधीच माहीत होतं. म्हणजे तेही कारण मला पुढे करता येत नाही.

चौघांना मी फोन केला. ते खरोखरच उठून गेलेले होते; एकानं तर विचारलं, असं काही आपल्याकडे होतं का? चार ‘हो’ मी खरे लिहिले.

सातवं नाव होतं जमीलभाईंचं. नागभीड शाखा, स्टोअर.

इथं मी थोडी थांबते. पाणी पिऊन येते, असं म्हणणार होते, पण आले तर पुन्हा बसेन याची खात्री नाही.

जमीलभाईंना मी लहानपणापासून ओळखते. त्यांचं घराणं पाट्या रंगवणाऱ्यांचं. आमच्या शाळेची पाटी त्यांची, ग्रामपंचायतीची त्यांची, राइस मिलची त्यांची. पट्टी न लावता भिंतीवर ओळ ओढायचे, आणि ती ओळ पाण्याच्या पातळीसारखी सरळ. लोक नुसतं बघायला उभे राहायचे. नंतर ते संस्थेत स्टोअर सांभाळायला लागले आणि ब्रश ठेवून संगणकावर आले. संस्थेची पत्रकं तेच करायचे — तेंदूपत्ता कसा वाळवायचा, हिरडा कसा साठवायचा. आणि साहेबांना विचारून, सुटीच्या वेळात, आमच्या गावच्या नाटकाचं पोस्टरही. मंडळाकडून घेणं काही नाही. नाटकाला पहिल्या रांगेत एक खुर्ची मात्र त्यांची. बाबा खून करायला लागले की सर्वांत जोरात टाळी तिथून यायची.

मग त्यांना फोन करायला काय झालं होतं?

झालं होतं ते हे. आमच्या ऑफिसात फोन एकच, खोलीच्या मधोमध, आणि त्याचा आवाज असा की पलीकडचं बोलणं दारातल्या शिपायालाही ऐकू जायचं. माझं नाव ऐकताच जमीलभाई काय म्हणणार, हे मला शब्दन्‌शब्द ठाऊक होतं. “काऊन वो पोरी, मारोतीभाऊची अशू ना तू? बाप कसा हाय? औंदा किती मुडदे पाडते?” आणि प्रणाली समोर बसलेली. सांस्कृतिक क्षेत्र तिथंच संपलं असतं.

मी फोन उचलला, ठेवला. उचलला, ठेवला. मग म्हटलं, आधी फाइली तर जपून ठेवू. इथून बसल्या बसल्या नागभीडचा संगणक उघडता येत होता. उघडला. फाइलींची नावं एकाखाली एक आली. तेंदू_पत्रक. हिरडा_साठवण. मारोतीभाऊ_खलनायक. मारोतीभाऊ_खलनायक_फायनल. मारोतीभाऊ_खलनायक_फायनल_मिशी_मोठी. मारोतीभाऊ_आता_शेवटचं. मारोतीभाऊ_सांगते_मिशी_आखीन_मोठी.

मला हसू आलं. खरंच आलं. बाबा तिथं त्यांच्या शेजारी स्टूलवर बसून मिशी वाढवून घेत आहेत, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. आणि त्या यादीच्या तळाशी होती — अश्विनी_बारावी. मी बारावी झाले तेव्हा गावाच्या एस.टी. थांब्यावर माझा फोटो लागला होता, ‘गावाची शान’ असं खाली लिहिलेला. तो यांनीच केला होता. याच परवान्यावर.

तर, मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. वापर कधी होतो तेही फाइलींवरच्या तारखांत दिसत होतं. उन्हाळ्यात तेंदूच्या वेळी, आणि मग एकदम मंडईच्या आधी. मधल्या पावसाळ्यात ते कशाला उघडतील? माझी आई मोहफूल वेचते ते काय बारा महिने वेचते? हात धुवायला गेलेला माणूस होता तो. मला दिसत होता. हातपंपावर.

मी फाइली जपून ठेवल्या. सातव्या रकान्यात ‘हो’ लिहिलं, ते खरं होतं. आणि त्याच हातासरशी सहाव्यातही ‘हो’ लिहिलं.

बोलणे झाले — हो.

किती वेळ लागतो दोन अक्षरं लिहायला? मी शाईचं पेन वापरते, शाई वाळायचा वेळ धरला तरी किती?

परवाना बाद झाला की शाखेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये तशी नोंद करून घ्यायची, अशी संस्थेची जुनी रीत. मोडकी खुर्ची असो, फुटकी बादली असो की परवाना — स्टोअरवाल्यानं वस्तू डोळ्यांनी बघायची, नोंदवायची, सही करायची. मी नागभीडला पत्र पाठवलं. वस्तू : सॉफ्टवेअर परवाना. मग पंचवीस आकडी क्रमांक. कारण : वापरात नाही. नाव लिहायला त्या नमुन्यात जागाच नव्हती, आणि मला ती जागा नसल्याचं फार बरं वाटलं. तुमच्या लक्षात आलं असेल, नागभीडचं स्टोअर कोण सांभाळत होतं. स्वतःचाच परवाना बाद झाल्याची सही जमीलभाईंकडे मागितली होती मी. क्रमांकावरून त्यांना काय कळणार?

आठवड्याच्या टपालात कागद परत आला. सही होती. खाली दोन ओळी होत्या : ‘वस्तू पाहिली नाही. तुमच्या शब्दावर सही केली आहे.’

अक्षर विचित्र होतं. प्रत्येक रेघ थरथरलेली, काने वाकडे, वेलांट्या भलतीकडेच गेलेल्या. प्रणालीनं कागद उचलून बघितला. “हे काय, एस.टी.त बसून लिहिलंय का?”

मी म्हणाले, “एस.टी.त नाही. बैलबंडीत.”

सगळी खोली हसली. शिपाईसुद्धा. त्या ऑफिसात माझ्या बोलण्यावर लोक हसले, ती पहिलीच वेळ. मला इतकं छान वाटलं की त्या संध्याकाळी जबडाही दुखला नाही.

शाळेची पाटी लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर असं कसं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, असंही नाही. पडला, आणि मी तो तसाच पडू दिला.

दसऱ्यानंतर एक दिवस फोन वाजला. मॅडम मीटिंगमध्ये, प्रणाली सुटीवर. मी उचलला.

“हॅलो मॅडम, नागभीड स्टोअरमधून जमील बोलून राह्यलो. ते डिझाइनवालं उघडूनच नाई राह्यलं जी. परवाना नाई म्हणते.”

त्यांनी मला ओळखलं नाही. कसं ओळखणार? ऑफिसातला माझा आवाज इस्त्रीचा होता. मी म्हणाले, “सर, नव्वद दिवस वापर नसला की सिस्टिम परवाना आपोआप काढून घेते.”

“आपोआप?”

“हो, सर.”

“विचारत नाई का कोणाले?”

“नाही, सर. सिस्टिम आहे ना.”

मग मलाच समजावल्यासारखं म्हणाले, “बराबर हाय. मशीनले का समजते बाप्पा. माणूस असता त विचारलं असतं त्यानं.”

मी फोनची वायर बोटाला गुंडाळत राहिले.

“मॅडम, एका गावच्या नाटकाचं पोस्टर हाय. जबान देऊन बसलो मी त्याहीले. तुमच्याकडून काही जमते का पाहा न.”

“अवघड आहे, सर.”

“राहू द्या मंग. त्या गावची एक पोरगी तुमच्या चंद्रपूरलेच शिकते. कॉम्प्युटरचंच. भल्ली हुशार हाय. तिलेच विचारतो, तिले जमन.”

आणि मी — तुम्ही हसा, मी रागावणार नाही — मी म्हणाले, “हो. तिला विचारा.”

परवान्यांची संख्या कंपनीला कळवायला तेव्हा चार दिवस उरले होते. चार दिवसांत ‘सात’चे ‘आठ’ करता येत होते. मॅडमना एक ओळीचा मेल. तो मी लिहिला. ‘मॅडम, नागभीडच्या परवान्याबाबत माझ्याकडून चूक झाली आहे.’ लिहिला, वाचला, ‘चूक’च्या जागी ‘गैरसमज’ लिहिलं, मग ‘तांत्रिक अडचण’ लिहिलं, मग पुन्हा ‘चूक’. तो अजून मसुद्यांमध्ये आहे. चौथ्या दिवशी मॅडमनी विचारलं, “सातच ना गं?” मी म्हणाले, “सातच.”

त्याच दिवशी संध्याकाळी बाबांचा फोन आला. मी होस्टेलच्या गच्चीवर कपडे काढायला गेले होते.

“अशू, जमीलभाई विचारून राह्यला होता. त्याचा तो परवाना का काय, गेला म्हणते. तुमच्याच हापिसातून गेला म्हणते. तुले काही समजते का त्यातलं?”

“बाबा, ते सिस्टिमच करते. आपल्या हाती नसते.”

“तेच त म्हणलं मी त्याले. पोरगी तिथी असताना कोणी मुद्दाम कायले करन?”

मी वाळलेले कपडे पुन्हा दोरीवर टाकले. का टाकले, माहीत नाही.

पोस्टर छापून देणाऱ्या दुकानात जाता आलं असतं. नागभीडला आहेत तशी दोन-तीन. पण जमीलभाईंनी मंडळाला शब्द दिला होता. दिवाळीच्या सुटीत मी गावी गेले. एस.टी.तून उतरले, आणि थांब्यावरच, माझा बारावीचा फोटो लागला होता त्याच खांबांवर, हातानं रंगवलेलं पोस्टर दिसलं.

नाटकाचं नाव डावीकडून निघून चढ चढत गेलं होतं, आणि उजवीकडे पोहोचेपर्यंत दमून खाली घसरलं होतं. खाली कुऱ्हाड घेतलेला एक माणूस होता. त्याचा एक डोळा नागभीडकडे, एक ब्रह्मपुरीकडे. मिशी मात्र मोठी होती, बाबा सांगतात तशी. फक्त तिचं एक टोक कानात शिरलं होतं.

पानठेल्यावर चारजण उभे होते.

“हा मारोतीभाऊ हाय म्हणते.”

“मारोतीभाऊ हाय का त्याची म्हैस?”

“म्हैस असती त ओळखू तरी आली असती.”

“नाई गड्या, खरं सांगू का? जमीलभाईचा हात गेला.”

हसणं थांबलं, आणि ते थांबलं ते जास्त वाईट होतं. ‘हात गेला’ हे पाटी रंगवणाऱ्याबद्दल चारचौघांत म्हणायचं म्हणजे काय, हे त्यांनाही कळलं असावं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि घरी गेले.

जेवताना बाबांनी सांगितलं. हळू आवाजात, खलनायकाच्या नाही, गोगलगाईला वळसा घालणाऱ्या माणसाच्या. चार वर्षांपासून जमीलभाईंच्या हाताला कंप आहे. म्हणून ब्रश ठेवला. लोकांना सांगितलं, आता जमाना कॉम्प्युटरचा आहे. माउस दोन्ही हातांनी धरायचे. ओळ वाकडी आली तरी ते डिझाइनवालं तिला सरळ करून द्यायचं. कोणाला पत्ता लागला नाही. बाबांना ठाऊक होतं, कारण ते शेजारी स्टूलवर बसायचे.

“दोन्ही हातानं धरते जी तो माउस, चिमणी धरल्यावाणी,” बाबा म्हणाले. “म्हणून मी मिशी वाढव म्हणतो त्याले दरसाली. तेवढाच बसते माह्यासंगं हासत. तुले सांगून राह्यलो, अशू. तू कोणाले सांगू नको. त्याचं नाव हाय पंचक्रोशीत.”

नाव होतं. आता एस.टी. थांब्यावर ते सगळ्यांनी वाचलं होतं.

मी ताटातला भात तसाच ठेवला. आईला वाटलं, होस्टेलच्या जेवणाची सवय झाली असेल. मी म्हणाले, हो, तसंच. बघा — तिथंसुद्धा.

त्या वर्षीच्या नाटकाला पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी राहिली. बाबांनी ठरल्याप्रमाणे चार खून केले. टाळ्या पडल्या, पण बाबा प्रत्येक खुनानंतर एकदा त्या खुर्चीकडे बघायचे आणि मग पुढचं वाक्य म्हणायचे. प्रत्येक खून थोडा लांबला.

ते पोस्टर बाबांनी उतरवून घरी आणलं, आणि बैठकीच्या भिंतीवर लावलं. पाहुणे हसतात. बाबा म्हणतात, माहा खरा चेहरा असाच हाय, लोकायले दिसत नाई. त्याच्या शेजारी त्यांनी माझं प्रमाणपत्र लावलं आहे. संस्थेनं दिलेलं — ‘उत्कृष्ट प्रशिक्षणार्थी’. न वापरलेले परवाने अचूक शोधून बाद केल्याबद्दल. समारंभात ते मोठ्या साहेबांच्या हस्ते मिळालं, ज्यांचा न वापरलेला परवाना मी जिवंत ठेवला होता. त्यांनी विचारलं, “तू ती चहावाली ना?”

आता मी त्याच ऑफिसात अर्धवेळ काम करते. या वर्षी परवान्यांची मुदत आली तेव्हा मी मॅडमना म्हटलं, सगळ्या शाखांना आधी लेखी विचारू या. त्यांना कल्पना आवडली. नागभीडच्या स्टोअरला मी स्वतः पत्र लिहिलं, नाव घालून : आपल्याला डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा परवाना हवा आहे का? मी तो मिळवून देईन, असंही खाली लिहिलं. सही नुसती ‘संगणक विभाग’ अशी केली.

उत्तर टपालानं आलं. त्याच थरथरत्या रेघांत. ‘गरज नाही. येथे ते वापरणारे आता कोणी नाही.’

प्रणाली आता तिथं नाही. नवी एक मुलगी आली आहे. तिनं तो कागद हातात घेतला, तोंड उघडलं. मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि फाइलला लावला. ती म्हणाली, काय झालं? मी म्हणाले, काही नाही. म्हणजे, तिलाही सांगितलं नाही.

त्याच फाइलमध्ये, तीन कागद मागे, माझा आठ रकान्यांचा कागद आहे. सहाव्या रकान्यात, जमीलभाईंच्या नावासमोर, ‘हो’ लिहिलेलं आहे. माझं अक्षर चांगलं आहे, सगळेच म्हणतात. रेघ कुठेही हललेली नाही.